प्रिंटर घरी आला, पत्ता मात्र ऑफिसचाच

*काका, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातल्या एका गावात राहते. घरीच आठवी ते एसएसएलसीच्या (दहावीच्या) मराठी माध्यमाच्या शिकवण्या घेते. प्रश्नपत्रिकांसाठी दर वेळी खानापूरच्या झेरॉक्सच्या दुकानात हेलपाटा पडतो, म्हणून भावानं बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका ऑफिसातनं काढून टाकलेला लेझर प्रिंटर साडेचार हजारांना आणून दिला. एचपी लेझरजेट पी २०५५ डीएन. तिथं म्हणे दहा-बारा जण त्याच्यावर छापत होते. आमच्याकडे जिओचं फायबर आहे. प्रिंटरची केबल त्या डब्यात घातली, पण लॅपटॉपला प्रिंटर दिसतच नाही. प्रिंटर आपला 'रेडी' म्हणून बसलाय. एका दुरुस्तीवाल्यानं येऊन बघितलं, दोनशे रुपये घेतले आणि म्हणाला, नेटवर्क कार्ड गेलंय, अडीच हजार पडतील. भाऊ म्हणतो, "अक्का, यूएसबीनं जोड आणि गप बस की." पण प्रिंटर माडीवर, लॅपटॉप खाली मधल्या खोलीत. मला मोबाईलवरनंही छापायचं आहे, आणि प्रिंटरला वायफाय नाही. फसलो का आम्ही? (एक वाचक, खानापूर तालुका)*

ताई,

फसला नाहीत. हा प्रिंटर चांगला छापत असेल तर साडेचार हजारांत वाईट सौदा नाही, भावाला पाव किलो कुंदा द्या. अडीच हजार मात्र तूर्त कुणाच्या हातात ठेवू नका. ऑफिसातनं निघालेला प्रिंटर घरी आल्यावर दिसेनासा होतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याचं काहीही बिघडलेलं नसतं. तो अजून ऑफिसच्याच पत्त्यावर राहत असतो, एवढंच.

हे नीट समजून घ्या, म्हणजे पुढची सगळी खटपट तुमची तुम्हाला करता येईल.

तुमच्या घरातल्या जाळ्यात राउटर, लॅपटॉप, मोबाईल, टीव्ही या प्रत्येकाला एक पत्ता असतो, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. चार आकडे, मध्ये टिंबं. घरगुती जाळ्यात पहिले तीन आकडे म्हणजे गल्ली आणि शेवटचा आकडा म्हणजे घर नंबर, असं धरून चाला. जिओचा डबा म्हणजेच तुमचा राउटर, त्याचा स्वतःचा पत्ता असतो १९२.१६८.२९.१. म्हणजे तुमच्या घरची गल्ली झाली '१९२.१६८.२९'. लॅपटॉप, मोबाईल जो कोणी वायफायला जोडला जातो, त्याला डबा याच गल्लीतला एक घर नंबर देतो. ऑफिसांत मात्र गल्ली बहुधा वेगळी असते, '१९२.१६८.१' किंवा '१९२.१६८.०', नाहीतर १० नं सुरू होणारी. आणि ऑफिसात प्रिंटरला आपोआप पत्ता घेऊ देत नाहीत. दहा-बारा जणांच्या कॉम्प्युटरला तो रोज त्याच ठिकाणी सापडायला हवा, म्हणून पत्ता हातानं कोरून ठेवतात. प्रिंटर विकताना टोनर किती उरलाय ते सगळे बघतात, पत्ता पुसायचं कुणाच्या ध्यानात येत नाही.

म्हणजे तुमचा प्रिंटर माडीवर बसून समजतोय की आपण उद्यमबागेतच आहोत. लॅपटॉप आपल्या गल्लीत घरोघर हाका मारत फिरतो, आणि हा दुसऱ्या गल्लीत दार लावून 'रेडी' बसलाय. केबल एकच असली तरी दोघांची गाठ पडत नाही.

आता पहिलं काम. यासाठी लॅपटॉप लागत नाही, इंटरनेट लागत नाही. प्रिंटरमध्ये कागद घाला, पुढच्या बटणांवर ओके दाबा, मेन्यूत 'रिपोर्ट्स' शोधा आणि त्यात 'कॉन्फिगरेशन पेज' छापा. दोनेक पानं बाहेर येतील. बारीक इंग्रजी मजकूर बघून घाबरू नका, आपल्याला त्यातल्या चारच ओळी हव्यात. 'आयपी ॲड्रेस', 'सबनेट मास्क', 'कॉन्फिग बाय' आणि 'हार्डवेअर ॲड्रेस' (याला काही प्रिंटरांवर 'मॅक ॲड्रेस' म्हणतात, बारा अक्षर-आकड्यांचा असतो). पेनानं खुणा करा आणि ते पान जपून ठेवा. दुरुस्तीवाल्यानं हे पान छापलं होतं का, आठवून बघा. छापलं नसेल तर त्यानं कार्ड गेल्याचं निदान कशावरनं केलं, तेही विचारायला हरकत नाही.

'कॉन्फिग बाय'पुढे 'मॅन्युअल' असेल आणि पत्त्याचे पहिले तीन आकडे १९२.१६८.२९ नसतील, तर मी वर म्हटलं तेच झालंय. पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल तर गोष्ट वेगळी. त्याचा अर्थ प्रिंटर पत्ता मागत होता पण त्याला देणारं कुणी भेटलंच नाही, म्हणून त्यानं स्वतःच एक तात्पुरता घेतला. अशा वेळी दोष केबलमध्ये किंवा केबल घातलेल्या भोकात शोधायचा. (एचपीच्या फार जुन्या नेटवर्क कार्डांवर, म्हणजे जेटडायरेक्टवर, १९२.०.०.१९२ असा पत्ता दिसतो. तोही 'मला कुणी पत्ता दिला नाही' याच अर्थाचा. तुमचा प्रिंटर २००८-०९ च्या सुमाराचा, त्यावर तो सहसा दिसायचा नाही.) आणि मेन्यूत नेटवर्कचं नावच नसेल, पानावर हार्डवेअर ॲड्रेसची ओळच नसेल, तरच बोर्डावर संशय घ्यायला जागा आहे.

केबलची खात्री डोळ्यांनी करता येते. प्रिंटरच्या पाठीमागे जिथं केबल शिरते तिथं छोटे दिवे असतात. दोन्ही टोकं नीट बसली आणि दोन्हीकडची यंत्रं चालू असली की दिवा लागतो, काम चाललं की लुकलुकतो. दिवा नसेल तर आधी केबल बदलून बघा. फायबरवाल्याच्या डब्याबरोबर बहुधा एक छोटी पिवळी नाहीतर पांढरी केबल आलेली असते, तीच लावून प्रिंटर तात्पुरता डब्याशेजारी आणा. डब्यावर 'लॅन' लिहिलेल्या भोकातच ती घाला. शेजारी टेलिफोनचं भोक असतं, ते दिसायला धाकट्या भावासारखं, पण त्याचा इथं उपयोग नाही.

आता पत्ता पुसायचा. मेन्यूत 'नेटवर्क कॉन्फिग', त्यात 'टीसीपी/आयपी', त्यात 'मॅन्युअल'च्या जागी 'ऑटोमॅटिक' निवडा. प्रिंटर बंद करा, दहा सेकंद थांबा, चालू करा, दोन मिनिटं जाऊ द्या आणि कॉन्फिगरेशन पेज परत छापा. आता 'कॉन्फिग बाय'पुढे 'डीएचसीपी' आणि पत्ता १९२.१६८.२९ च्या गल्लीतला दिसला की निम्मी लढाई संपली. डीएचसीपी म्हणजे राउटरनं पत्ते वाटायची पद्धत, बाकी काही नाही.

पत्ता बदलताना पासवर्ड मागितला तर? तो जुन्या ऑफिसचा आहे. तुम्हाला माहीत असायचं कारण नाही, आणि भावाला फोन करून विचारायला लावलंत तरी तिथल्या कुणाला आठवत असेल असं नाही. अशा वेळी प्रिंटर मूळपदावर आणायचा. 'सर्व्हिस' किंवा 'नेटवर्क कॉन्फिग'मध्ये 'रिस्टोअर डिफॉल्ट्स' असतं, ते केलं की जुना पासवर्ड, जुना पत्ता, सगळं धुऊन निघतं. खरं सांगायचं तर पासवर्ड नसला तरी मी सेकंडहँड प्रिंटरवर आधी हेच करतो. भाड्याच्या घरात शिरण्याआधी चुना लावतो तसं. तुमच्याकडे स्कॅनर-फॅक्सवालं मोठं मशीन असतं तर मी हट्टच धरला असता, कारण त्यात जुन्या ऑफिसच्या लोकांचे ई-मेल, फॅक्स नंबर, कधी कधी ई-मेलचे पासवर्डसुद्धा राहिलेले असतात. ते आपण बघू नये आणि ठेवूही नये.

ज्यांच्या प्रिंटरला पडदाच नाही, नुसती दोन बटणं आहेत, त्यांच्यासाठी एक जुनी युक्ती इथंच सांगून ठेवतो. प्रिंटर गल्ली सोडत नसेल तर आपणच थोडा वेळ त्याच्या गल्लीत जायचं. समजा पानावर १९२.१६८.१.५० लिहून आलंय. लॅपटॉप आणि प्रिंटर एका केबलनं थेट जोडा. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये त्या केबलच्या जोडणीला हातानं १९२.१६८.१.२० द्या, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. मग ब्राउझरमध्ये प्रिंटरचा पत्ता लिहा, पुढे 'एचटीटीपी' लावून, 'एस' न लावता. प्रिंटरचं स्वतःचं पान उघडेल, त्यात 'नेटवर्किंग'मध्ये जाऊन डीएचसीपी चालू करा. ब्राउझर 'हे पान सुरक्षित नाही' म्हणून कुरकुर करेल. प्रिंटर जुना आहे, केबल तुमच्या घरातली आहे, करू द्या कुरकुर. काम झालं की लॅपटॉपची सेटिंग परत 'ऑटोमॅटिक'वर आणायला विसरू नका. विसरणाऱ्यांचे फोन मला दुसऱ्या दिवशी येतात, प्रिंटर लागला पण नेट गेलं म्हणून.

आणि एक बारीक गोष्ट, जी कुठल्या माहितीपत्रकात सापडायची नाही. तुम्ही प्रश्नपत्रिका मराठीत टाइप करता, म्हणजे कीबोर्ड बहुतेक वेळा मराठीवर असणार. पत्ता टाइप करताना आकडे इंग्रजीच हवेत. मी इथं देवनागरीत लिहिलेत म्हणून तसेच टाइप कराल तर कॉम्प्युटर ते घेणार नाही, आणि चूक कुठं होतेय तेही धड सांगणार नाही.

आता वायफायचं. प्रिंटरला वायफाय नाही म्हणून तुम्ही हिरमुसला आहात, पण वायफाय प्रिंटरला असावं लागत नाही, घरात असलं की झालं. प्रिंटर केबलनं डब्याला, लॅपटॉप वायफायनं त्याच डब्याला. दोघं एकाच गल्लीत, मग लॅपटॉप अंगणात नेऊन छापलंत तरी चालेल. फक्त लॅपटॉप डब्याच्या 'गेस्ट' वायफायवर नको, कारण पाहुण्यांना घरातली बाकीची यंत्रं दिसू द्यायची नाहीत अशीच त्याची रचना असते.

माझ्या मते तर वायफाय नाही ते बरंच. त्या काळातल्या वायफायवाल्या प्रिंटरांची डोकेदुखी मी पुष्कळ पाहिली आहे. नवे राउटर डब्ल्यूपीए-३ ही वायफायच्या सुरक्षेची नवी भाषा बोलतात, जुन्या प्रिंटरला ते कळत नाही. राउटर ५ गिगाहर्ट्झवर, प्रिंटरला फक्त २.४ कळतं. केबल एकदा लागली की पाच वर्षं कुणाला काही विचारत नाही. ही केबल १०० मीटरपर्यंत चालते, तेव्हा माडी काही लांब नाही. जिन्याच्या कडेनं, खिडकीच्या चौकटीतनं न्या. विजेच्या वायरला मात्र चिकटवून नेऊ नका. केबल ओढायची नसेलच तर लॅनचं भोक असलेला वायफाय एक्स्टेंडर मिळतो. तो माडीवर लावायचा आणि छोट्या केबलनं प्रिंटर त्याला जोडायचा.

पुढचा टप्पा लोक टाळतात आणि महिन्याभरानं पस्तावतात. राउटरनं वाटलेला पत्ता कायमचा नसतो. लाईट जाऊन आली, डबा बंद होऊन चालू झाला की प्रिंटरला दुसराच घर नंबर मिळू शकतो, आणि लॅपटॉप जुन्या दारावर थापा मारत राहतो. खानापुरात पावसाळ्यात लाईट किती वेळा जाते ते मी तुम्हाला सांगायला नको. म्हणून राउटरला सांगून ठेवायचं की या हार्डवेअर ॲड्रेसवाल्याला नेहमी हाच पत्ता द्यायचा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.२९.१ उघडा, राउटरचा पासवर्ड घाला, 'लॅन' किंवा 'डीएचसीपी' या भागात 'रिझर्व्हेशन' किंवा तशा अर्थाचं काही असेल, तिथं कॉन्फिगरेशन पेजवरचा तो बारा अक्षरांचा आकडा लिहा आणि पत्ता नेमून द्या. समजा १९२.१६८.२९.२००.

मग ऑफिसवाल्यांसारखा प्रिंटरवरच पत्ता कोरला तर काय बिघडतं, असं विचाराल. कोरता येतो, पण राउटर ज्या घर नंबरांतनं वाटप करतो त्यातलाच एखादा कोरलात तर तोच नंबर तो उद्या दुसऱ्या कुणाला देऊन मोकळा होईल. या चुकीची फी मी स्वतः भरली आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी बेळगावातल्या एका पतसंस्थेत मी असाच पत्ता कोरून प्रिंटर लावला. सकाळी छान छापायचा, साडेदहा वाजले की बंद. दुपारी परत चालू. मी केबल बदलली, ड्रायव्हर (कॉम्प्युटर ज्यातनं प्रिंटरशी बोलतो ते सॉफ्टवेअर) बदलला, दोन दिवस त्यांचा चहा प्यायलो. तिसऱ्या दिवशी तिथला शिपाईच म्हणाला, "साहेब, हजेरीचं मशीन लावलं की हा रुसतोय बघा." बोटाचा ठसा घेणारं ते नवं मशीन साडेदहाला चालू करत, दुपारी बंद करत, आणि राउटर त्याला मी प्रिंटरवर कोरलेलाच पत्ता देत होता. एका दारावर दोन पाट्या. तेव्हापासून मी पत्ते वाटायचं काम राउटरकडेच ठेवतो.

लॅपटॉपवर जोडणं आता सोपं आहे. विंडोजच्या सेटिंगमध्ये 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स', तिथं 'ॲड डिव्हाइस'. तो शोधायला लागेल आणि कदाचित प्रिंटर लगेच सापडेलही. मोह आवरा. आपोआप सापडलेला प्रिंटर विंडोज बऱ्याचदा 'डब्ल्यूएसडी' नावाच्या जोडणीनं लावतं, आणि ती जोडणी आज चालते, उद्या प्रिंटर समोर चालू असताना 'ऑफलाइन' म्हणते. थोडं थांबून खाली 'ॲड मॅन्युअली' दिसेल ते घ्या. त्यात आयपी ॲड्रेसनं प्रिंटर जोडायचा पर्याय निवडा, यंत्राचा प्रकार 'टीसीपी/आयपी डिव्हाइस' ठेवा आणि नेमून दिलेला पत्ता लिहा.

नावापेक्षा आकड्यावर का भर देतोय? आपल्या गावाचंच बघा. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावचं बेळगावी झालं. आजही कुणी पाकिटावर बेळगाव लिहितो, कुणी बेळगावी, मराठीत, कन्नडमध्ये, इंग्रजीत. खाली ५९०००१ बरोबर असलं की पत्र पोचतं. नावांचा घोळ माणसांत चालू दे, यंत्रांना पिन द्या.

ड्रायव्हर एचपीच्याच साइटवरनं घ्या. 'युनिव्हर्सल प्रिंट ड्रायव्हर' नावाचा एकच ड्रायव्हर त्यांच्या पुष्कळ जुन्या प्रिंटरांना चालतो, त्यातला 'पीसीएल ६' घ्या. शोधताना पहिल्यांदा ज्या भलत्यासलत्या साइट येतात आणि 'फ्री ड्रायव्हर अपडेटर' गळ्यात मारतात, तिकडे फिरकू नका.

आणि तरीही प्रिंटर मधूनच 'ऑफलाइन' दिसू लागला, तर प्रिंटर प्रॉपर्टीज, 'पोर्ट्स', 'कॉन्फिगर पोर्ट' असं आत जा आणि 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड'वरची खूण काढा. विंडोज त्या वाटेनं प्रिंटरची खुशाली विचारत असतं, आणि उत्तर आलं नाही की तो गेला असं परस्पर जाहीर करतं.

तुमच्या कामात आणखी एक अडचण येणार, ती आत्ताच सांगतो. मराठी माध्यमाच्या पोरांना कन्नडही असतं, म्हणजे तुमच्या पानावर दोन्ही लिपी येणार. पडद्यावर पान सुरेख दिसतं आणि कागदावर वेलांट्या सुटतात, जोडाक्षरं फुटतात, नाहीतर नुसते चौकोन येतात. यात प्रिंटरला मराठी येत नाही असं काही नसतं. फॉन्ट प्रिंटरकडे नीट पोचलेला नसतो, एवढंच. श्री-लिपी किंवा नुडीसारख्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फायली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडल्या की हे हमखास होतं. जिथं टाइप केलं तिथंच पीडीएफ करा, आणि छापताना पीडीएफच्या 'ॲडव्हान्स्ड' सेटिंगमध्ये 'प्रिंट ॲज इमेज' निवडा. मग प्रिंटरकडे अक्षरं जातच नाहीत, पानाचा फोटो जातो. छपाई जरा सावकाश होते, पण 'प्रश्न'चा 'प् रश् न' होत नाही.

मोबाईलच्या बाबतीत मात्र तुमचा हिरमोड करावा लागतोय. आजकालचे फोन ज्या पद्धतींनी थेट छापतात, म्हणजे आयफोनचं एअरप्रिंट किंवा अँड्रॉइडचं मोप्रिया, त्या तुमच्या प्रिंटरच्या पिढीनंतरच्या. एअरप्रिंटच २०१० सालचं. पूर्वी गूगल क्लाउड प्रिंटचा आडमार्ग होता, तो गूगलनं ३१ डिसेंबर २०२० ला बंद केला, तेव्हा कुठल्या जुन्या व्हिडिओत तो दिसला तर सोडून द्या. व्यवहाराचा मार्ग असा: मोबाईलमधली फाइल स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा, लॅपटॉपवर व्हॉट्सॲप उघडा, तिथनं छापा. तुमच्या शिकवणीत कॉम्प्युटरची आवड असलेला एखादा पोरगा असेल तर त्याला रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर आणि 'कप्स' हे छपाईचं सॉफ्टवेअर, ही नावं सांगा. तळहाताएवढ्या त्या कॉम्प्युटरवर कप्स बसवलं की जुना प्रिंटर मोबाईलला नव्यासारखा दिसतो. पण ती रविवारची हौस झाली. सोमवारच्या चाचणीसाठी व्हॉट्सॲपच बरं.

कुणी म्हणेल, राउटरमध्ये प्रिंटरचं ९१०० नंबरचं पोर्ट बाहेरच्या जगाला उघडं करून ठेवा, म्हणजे बेळगावात बसूनही घरी छापता येईल. नको. त्या दारावर कुलूप नसतं, जो येईल त्याचं छापून दिलं जातं. २०१८ मध्ये एका माणसानं जगभरातल्या अशा हजारो उघड्या प्रिंटरांवर एका यूट्यूब चॅनेलची जाहिरात छापून दाखवली होती. तुमच्या माडीवर असं काही झालं तर कागद आणि टोनर तुमचाच जाणार.

विजेचं दोन शब्दांत. राउटर इन्व्हर्टरवर खुशाल ठेवा, लेझर प्रिंटर नको. शाई कागदावर भाजून बसवायला आतला रोलर तापतो तेव्हा तो एकदम इतकी वीज ओढतो की छोटा इन्व्हर्टर कुईं करून बंद पडतो. आणि एप्रिल-मे महिन्यात वळीव गडगडायला लागला की प्लग काढता तशी प्रिंटरची लॅन केबलही काढा. वीज केबलच्या वाटेनंही शिरते आणि तेव्हा मात्र नेटवर्कचा भाग खरोखर जळतो. पावसाळ्यात कागदाचा गठ्ठा उघडा ठेवू नका. खानापूरच्या हवेत तो दोन दिवसांत ओल धरतो आणि मग प्रिंटर कागद चावायला लागतो. पुडक्यातनं लागतील तेवढेच काढा, बाकीचं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात.

राहिला दुरुस्तीवाला. पी २०५५ डीएनमध्ये नेटवर्कचा भाग मुख्य बोर्डावरच असतो, काढून बदलायचं असं सुटं कार्ड त्यात नसतं. (जुन्या मोठ्या लेझरजेटमध्ये असायचं, कदाचित त्याच्या डोक्यात ते असेल.) तो परत आला तर तुमच्या हातातली दोन्ही पानं त्याच्यापुढे ठेवा, जुन्या पत्त्याचं आणि नव्या पत्त्याचं. आणि तरीही तो कार्ड बदलायचंच म्हणाला, तर आधी जुनं कार्ड काढून दाखवा म्हणा. काय काढून दाखवतो ते मला जरूर कळवा.